आतली गाडी

मॉडेल गाडीच्या खोक्यात एक घडीचं पत्रक असतं. जपानी टामिया कंपनीचं असो नाहीतर आणखी कुणाचं, त्यावर गाडीच्या आतल्या भागासाठी रंगांचे क्रमांक ओळीने दिलेले असतात. सीटला एक्सएफ-१, म्हणजे मॅट काळा. डॅशबोर्डला एक्स-१८, म्हणजे अर्धवट चकाकीचा काळा. खालच्या गालिच्याला एक्सएफ-६३, जर्मन ग्रे. बाण काढलेले असतात, चुकायला जागाच नसते. ते पत्रक शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीचं आहे आणि त्या गाडीपुरतं ते अगदी बरोबर आहे. पण शोरूममधून गाडी निघाली, मुंबई-गोवा महामार्गाने खाली आली, आणि चार पावसाळे खाऱ्या वाऱ्यात नारळाखाली उभी राहिली, की पत्रकातला एकही क्रमांक तिला लागू पडत नाही. मला रंगवायची असते ती ही दुसरी गाडी.

मी वेंगुर्ल्याला राहतो आणि १:२४ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या एक चोविसांश मापाच्या, गाड्या करतो. बाहेरचा रंग करण्यात मजा आहे, नाही असं नाही. प्रायमर, रंगाचे पातळ थर, क्लिअर, मग पॉलिश. ते कौशल्याचं काम आहे आणि ज्यांचं बोनेट आरशासारखं होतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण बाहेरून सगळ्या गाड्या एका कारखान्याच्या असतात. आतून प्रत्येक गाडी एका माणसाची असते. ती कुठे झिजली, कुठे फाटली, कुठे तेलकट झाली, यावरून तिच्यात कोण बसत होतं ते कळतं. म्हणून माझा बराचसा वेळ आत जातो.

सध्या टेबलावर अ‍ॅम्बॅसेडर आहे. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, १९५८ पासून बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनत राहिलेली आणि २०१४ साली थांबलेली. ही किटमधली नाही. पुण्याच्या एका मित्राने थ्री-डी प्रिंटरवर रेझिनचं नुसतं कवच काढून पाठवलं. आत काही नाही, रिकामं घर. सीट, डॅशबोर्ड, दारांची आतली बाजू, पेडल, सगळं प्लास्टिकच्या शीटमधून आणि एमसीलमधून उभं करायचं. नळाच्या जोडाला लावतो तेच एमसील. दोन कांड्या एकत्र मळल्या की हातात बराच वेळ नरम राहतं, ओल्या बोटाने गुळगुळीत होतं, आणि पात्याच्या पाठीने दाबलं की सीटवरच्या उभ्या शिवणी उमटतात. पुढची लांब सलग सीट मी अशीच केली.

पण रंग कुठला द्यायचा? जुन्या गाड्यांचे फोटो घरोघर आहेत. लग्नातले, मुंजीतले, नवी गाडी आली तेव्हाचे. बोनेटवर हार, बाजूला काका, मांडीवर मूल. सगळे बाहेरून काढलेले. गाडीच्या आतला फोटो कुणी काढत नसे. फिल्मचा रोल छत्तीसचा, त्यातला एक फोटो क्लचच्या पेडलवर कोण घालवणार! २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, तेव्हाही जिकडेतिकडे फोटो आले ते टपाचे आणि मीटरचे. आतली माहिती राहिलीय ती त्या गाड्या चालवलेल्या माणसांकडे. म्हणून मी शेजारच्या काकांकडे जाऊन बसतो. त्यांनी उभी हयात भाड्याची अ‍ॅम्बॅसेडर चालवली. आधी एसटी स्टँडवर उभे राहायचे, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर चाकरमान्यांना आणायला कुडाळ स्टेशनवर जायचे. गाडी भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या बोटांना मात्र ती अजून पाठ आहे.

मी सतरा मिलिमीटरचं स्टेअरिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, ते डोळ्यांजवळ नेलं.

"ह्या अजून रंगवूक नाय मा?"

"नाही काका. म्हणून तर विचारायला आलो."

"मगे सगळा सारख्या रंगाचा करू नको. माझो हात खंय असायचो, तुका म्हायत आसा?" त्यांनी सुपारी फोडायच्या अडकित्त्याच्या टोकाने दोन जागा दाखवल्या. "हय, आणि हय. ह्यो भाग काचेसारखो झालेलो."

काचेसारखा! या एका शब्दाने माझं पुढचं सगळं काम बदललं.

मॉडेल करणाऱ्यांत झीज दाखवायची एक ठरलेली रीत आहे. ब्रशला चंदेरी रंग घ्यायचा, तो कापडावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि कोरड्या ब्रशने कडांवरून फिरवायचा. रणगाड्यावर ते शोभतं, कारण तिथे रंगाखाली पोलाद आहे. अ‍ॅम्बॅसेडरच्या स्टेअरिंगखाली पोलाद नाही, निदान हात लागतो तिथे तरी नाही. आणि रेक्झिनखाली तर मुळीच नाही. माणसाचा हात वस्तू खरवडत नाही, तो ती घासून घासून तुकतुकीत करतो. घाम, तेल आणि वर्षानुवर्षांचा तोच स्पर्श. देवळाच्या उंबऱ्यावर किंवा जिन्याच्या कठड्यावर हे आपण रोज बघतो. गाडीच्या आत म्हातारपण दोन उलट वाटांनी येतं: जिथे ऊन लागतं तिथे चकाकी जाते, आणि जिथे माणूस लागतो तिथे चकाकी येते.

हे कळलं की रंगकाम रंगाचं राहत नाही, चकाकीचं होतं. मी स्टेअरिंग आधी पूर्ण मॅट केलं. काळं नव्हे, एक्सएफ-८५, ज्याला ते रबर ब्लॅक म्हणतात, त्यात चिमूटभर तपकिरी. मग काकांनी दाखवलेल्या दोन जागांवर एक्स-३५, म्हणजे अर्धवट चकाकीचं पारदर्शक व्हार्निश, पातळ करून, बारीक ब्रशने, एकावर एक तीन हात. रंग तोच, पण दिव्याखाली फिरवलं की त्या दोन जागा ओल्या असल्यासारख्या उजळतात आणि पुन्हा विझतात. तसंच ड्रायव्हरच्या दाराच्या काठावर, उजवा कोपर टेकतो तिथे. तसंच सीटच्या पुढच्या काठाला, चढता-उतरताना मांडी घासते तिथे, आणि तेही फक्त दाराच्या बाजूला. क्लचच्या रबरावर मात्र पायाने उलटं केलेलं: तिथल्या रेघा एका कडेने पार गेलेल्या. आंबोलीचा घाट चढणाऱ्या गाडीचा क्लच एका कडेनेच झिजतो, हेही काकांचंच.

आता उन्हाचं. मागच्या काचेखाली जी फळी असते, मागच्या सीटच्या डोक्यामागची, ती गाडीतली सगळ्यात दुर्दैवी जागा. दिवसभर ऊन तिच्यावर, आणि वर काचेआड कोंडलेली उष्णता. रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. उष्णतेने ते हळूहळू उडून जातं, मग रेक्झिन आखडतं, कडक होतं आणि तडकतं. ही फळी मी सीटच्याच रंगाने रंगवली आणि मग त्यात फिका करडा मिसळत मिसळत काचेकडे नेली. काचेला चिकटून असलेला भाग जवळजवळ राखेच्या रंगाचा. तडे कोरले नाहीत. अगदी टोकदार ब्रशने गडद तेलरंगाच्या केसाएवढ्या रेघा ओढल्या, आणि प्रत्येक रेघेच्या सूर्याकडच्या कडेला फिकट रेघ. या प्रमाणात खरा तडा दिसतच नाही, त्याची सावली रंगवावी लागते.

या छंदाला बाहेरून बघणाऱ्याला एक गोष्ट पटत नाही, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. खरी वस्तू लहान प्रमाणात खोटी दिसते. काकांच्या गाडीची पुढची सीट डाव्या कडेला फाटली होती आणि आतला काथ्या बाहेर आला होता. तेव्हा सीटच्या गाद्यांत रबर लावलेला काथ्या भरायचे, त्यामुळे कोकणातला नारळ देशभरच्या गाड्यांच्या बुडाखाली होता म्हणायला हरकत नाही. मला ती फाटकी जागा हवीच होती. आमच्याकडे काथ्याला काय तोटा! अंगणात नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, पडलेली असतात. पण काथ्याचा एक तंतू पाव मिलिमीटर जाड धरला तर चोविसाने गुणून तो सहा मिलिमीटर होतो. म्हणजे मॉडेलमधल्या सीटमधून विहिरीचा दोर बाहेर आल्यासारखा दिसेल. वाळूचंही तेच. आमच्या किनाऱ्यावरचा अर्ध्या मिलिमीटरचा कण गाडीत टाकला की तो बारा मिलिमीटरची खडी होतो.

म्हणून काथ्यासाठी सुती दोऱ्याचा एक पदर उलगडला, त्यातले तंतू पिंजले, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले आणि फिक्या तपकिरी रंगाचा हलका हात दिला. फाटलेलं रेक्झिन स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं. कागद चालत नाही, साधा कागदही या प्रमाणात जाड पुठ्ठा दिसतो. फॉइलचा नखाएवढा तुकडा सीटच्या कडेवर दाबून बसवला, पात्याने एल आकाराची चीर दिली, सुईने ओठ उलटा दुमडला. वरची बाजू सीटची चॉकलेटी, दुमडलेली आतली बाजू मळकट पांढरी, कारण रेक्झिनची पाठ कापडाची असते. मग त्या चिरेत चहात रंगलेले तंतू, तीनचारच, जास्त नाहीत. हे सगळं तांदळाच्या दोन दाण्यांएवढ्या जागेत. पण तिथे नजर गेली की ती सीट एकदम दाबली जाईल अशी वाटायला लागते, आणि तिच्याखाली आहे नुसतं दगडासारखं एमसील.

तांबड्या मातीसाठी मात्र मी हट्टाने खरी माती वापरली. बाजारात धुळीच्या रंगाच्या पुड्या मिळतात, चांगल्या असतात, पण त्यात आमच्या जांभ्याचा रंग नाही. तो लोखंडाच्या गंजाचा रंग आहे, पाऊस बाकीची द्रव्यं धुऊन नेतो आणि लोह मागे राहतं. घरामागच्या चिऱ्याचा तुकडा खलात कुटला, घोटला आणि वस्त्रगाळ केला. आजी औषधाचं चूर्ण करायची तसा, मलमलच्या दुहेरी फडक्यातून. जे उरलं ते बोटावर घेतलं तर कण जाणवत नाही, नुसता रंग लागतो. ते टर्पेंटाइनमध्ये कालवून पायाखालच्या रबरी मॅटच्या खाचांत सोडलं. द्रव उडाला, माती खाचांत राहिली. ड्रायव्हरच्या पायाखाली कमी, कारण तो दिवसभर आतच असतो. मागे जास्त, आणि तीही दारापाशी. माणसं चिखलाचे पाय घेऊन चढतात आणि मग पाय आखडून बसतात, मधला उंचवटा कोरडा राहतो. मॅटच्या कडेने पत्र्यावर गंज. मिठाला हवेतलं पाणी ओढायची खोड आहे, म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीचा पत्रा मॅटखाली कधी सुकत नाही. वरून शाबूत दिसतो आणि एके दिवशी टाच खाली जाते.

या सगळ्याला ऋतूचं बंधन आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत लॅकरचा स्प्रे मारला की थोड्या वेळाने रंगावर पांढुरकी साय येते. थिनर भरभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, गार पृष्ठभागावर हवेतला ओलावा जमतो आणि ओल्या रंगात अडकतो. थिनर सावकाश उडावा म्हणून रिटार्डर घालता येतो, दुपारचा एखादा उघडीपीचा तास साधता येतो. पण मी हट्ट करत नाही. आषाढ-श्रावणात फक्त हाताचं काम: ब्रश, पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग, तेलरंगाचे बारीक हात. रंगवलेले भाग पत्र्याच्या डब्यात, वर पिवळा बल्ब लावून. स्प्रेचं काम गणपती जाऊन वारा फिरला की. बाहेरचा रंग ऑक्टोबरचा आणि आतला पावसाळ्याचा, ही वाटणी हवामानानेच करून दिलीय, आणि मला ती मान्य आहे. पावसात असंही आत बसायचं असतं.

बारीक रेघ ओढायला मी कुणाकडून शिकलो? सावंतवाडीकडून. लाकडी खेळण्यांसाठी आपण तिथल्या चितारआळीत जातो, पण राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, रंगवणारे कलाकार बसतात, तिथे मी तासन्‌तास उभा राहिलो आहे. दशावतारी गंजिफेचे गोल पत्ते एकशेवीस, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. छोट्याशा गोलात मत्स्यावतार, त्याचा मुकुट, मुकुटावरचे ठिपके. मी बघितलं की पत्ता फिरतो, हात नाही. मनगट टेकलेलं, ब्रश उभा, आणि रेघ जिकडे वळायची तिकडे पत्ताच सरकतो. घरी येऊन मी माझं टेबल बदललं. लहान भाग आता नारळाच्या हिराच्या टोकाला मेणाने चिकटवतो आणि हीर फिरवतो. डॅशबोर्डवरच्या चार मिलिमीटरच्या घड्याळाभोवतीचं चंदेरी कडं असंच होतं. ब्रश जागेवर, घड्याळ फिरतंय. आत आकडे रंगवायचे नाहीत, फक्त फिकट टिंबं. आणि सगळं वाळल्यावर पारदर्शक चकचकीत व्हार्निशचा एक थेंब, जो सुकताना फुगीर राहतो आणि काच होतो.

लोक विचारतात, वरचं कवच बसवल्यावर यातलं दिसणार किती? प्रश्न रास्त आहे. खिडकीतून तिरपी नजर गेली तर निम्मंही दिसत नाही, आणि जे दिसतं ते अंधारातून. पण त्यासाठीच तर आतला रंग वेगळ्या हिशेबाने करावा लागतो. बंद गाडीत उजेड खिडक्यांतूनच येतो, म्हणून टेबलावर बरोबर दिसणारी सीट कवच घातल्यावर काळीठिक्कर पडते. प्रत्येक रंग दोन पायऱ्या फिका धरायचा. सीटच्या वरच्या बाजूला उजेड आधीच रंगवून ठेवायचा, खालच्या बाजूला, पेडलच्या मागे, डॅशबोर्डच्या पोटात अंधार रंगवायचा. लहान प्रमाणात निखळ काळा आणि निखळ पांढरा वापरायचाच नाही. काळ्याच्या जागी गडद करडा, पांढऱ्याच्या जागी सायीचा. छताचं अस्तर मी जरा जास्तच फिकं ठेवलं, म्हणजे वरून थोडा उजेड खाली परततो. आणि खिडक्या उघड्या. या गाडीला एसी कुठला? चारी काचा खाली असल्या की आतलं बरंच बाहेर येतं.

काचांवरून आठवलं. दारांच्या आतल्या बाजू रंगवून झाल्या आणि मी काच खालीवर करायची चार हँडलं तांब्याच्या तारेची वळून ठेवली. काकांना दाखवायला नेली. त्यांनी मोजली.

"चार कित्याक? हँडल एकच होता."

"एकच? मग बाकीच्या काचा?"

"तीन दारांची मोडली. एकच सगळ्या दारांक चालायचा. मागच्यांनी मागल्यार मी देत होतंय, काच खाली करून परत माझ्याकडे."

"आणि एरवी कुठे असायचं?"

"खंय म्हणजे? येतोबाच्या फोटोपुढे."

येतोबा म्हणजे आरवलीचा ग्रामदेव वेतोबा. त्याचा फोटो मी आधीच डॅशबोर्डवर लावला होता, चार मिलिमीटर उंच, भोवती झेंडूची माळ म्हणून पिवळ्या रंगाचे ठिपके. तीन हँडलं डबीत गेली. उरलेल्याच्या मुठीला काळा रंग आणि त्यावर एक्स-३५ चे दोन हात दिले, कारण चार दारांची माणसं ज्या मुठीला धरत होती ती गाडीतली सगळ्यात तुकतुकीत वस्तू असणार. आता चारी दारांत अर्ध्या मिलिमीटरची भोकं पाडायची आहेत. हँडल चिकटवायचं नाही, असं काकांचं म्हणणं आहे, आणि छपराचं कवचही काढता-घालता येईल असंच बसवायचं.